खांद्यावरची चमक

७ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आईला सांग, गुडघा दुखत असताना जिना चढायचा नाही, मोठ्या मुलाचा हुकूम आहे. ती त्यावर काय बोलेल ते मला इथे ऐकू येणार नाही, हे माझं नशीब.

त्या आगीतल्या स्फोटाला परवा दोन वर्षं झाली. उजवा कान गेला तो गेलाच. डाव्यात कुणी पाण्याखालून बोलावं तसं येतं. फोनवर मला काही कळत नाही, म्हणून कुणी फोन केला की आमच्या अग्निशमन केंद्राचे साहेब "तो फोनवर येत नाही" असं सांगतात. लोकांना वाटतं, आग विझवणारा माणूस एकदम बडी असामी झाला. आगीवर मला पाठवत नाहीत. मी हवा भरायच्या खोलीत असतो. धुरात शिरणाऱ्यांच्या पाठीवर हवेचे सिलिंडर असतात ना, ते भरून द्यायचे. मोटारीच्या चाकात असते त्याच्या दीडशे पट दाबाने ती हवा कोंबावी लागते. सिलिंडर पाण्याच्या हौदात उभा करायचा, नळी जोडायची, काटा बघत बसायचं. पूर्वी माणसं सिलिंडर किती भरला ते हवेच्या फुसफुशीवरून ओळखायची. मला ती ऐकू येत नाही, म्हणून मी सिलिंडरवर हात ठेवून बसतो. हाताला सगळं कळतं.

आता खरी बातमी. गेल्या महिन्यात बारा नवे सिलिंडर आले. काळे कुळकुळीत, कार्बनच्या धाग्यांचे. जुने लोखंडी उचलताना कंबर बोलायची, हे लांब्या एका हाताने झेलतो. (लांब्या म्हणजे माझा जोडीदार, ज्याने मला त्या स्फोटातून पायाला धरून ओढून काढलं तो.) आणि मानेवरचा शिक्का बघतो तर काय, तुझा कारखाना! मी सगळ्या केंद्रात सांगत फिरलो. तुझी वहिनी म्हणाली, इतकं तर लेकीच्या निकालालाही नाचला नव्हतात.

आता सांग, यातलं तू नेमकं काय करतेस? दरवेळी "मशीनवर असते" एवढ्यावर बोळवण करतेस.

तुझा,
दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सा. न. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हुकमावर ती काय बोलली ते लिहीत नाही. कागद चांगला आहे.

मी काय करते? ऐक. कार्बनचे बारीक धागे प्लास्टिकमध्ये बसवलेली एक फीत असते, बोटभर रुंद. मशीन ती फीत आतल्या पातळ भांड्याभोवती गुंडाळत जातं, थरावर थर. चिकटवायला गोंद नाही, काही नाही. फीत जिथे टेकते तिथे मोठे दिवे रोखलेले असतात. काळी फीत उजेड पिते, तापते, प्लास्टिक वितळतं, आणि रूळ तिला खालच्या थरावर दाबून टाकतो. म्हणजे तुझ्या हौदातला सिलिंडर उजेडाने शिवलेला आहे म्हण.

उजेड कमी पडला तर थर चिकटत नाहीत. जास्त झाला तर जळतात. म्हणून उष्णता बघणारा एक कॅमेरा असतो. तो बघतो, आणि त्याच्या सांगण्यावरून मशीन दिवे कमीजास्त करतं. त्या कॅमेऱ्यावर मी. फीत उजेड किती पिते आणि किती परत फेकते, याचा एक आकडा त्यात भरावा लागतो. काळं म्हणजे सगळं पिऊन टाकणारं असं आपण समजतो, पण हे काळं लबाड आहे. समोरून बघ, कोळसा. तिरकं बघ, धाग्यांच्या अंगावरून आरशासारखा उजेड घसरतो. सिलिंडरच्या खांद्यापाशी, जिथे फीत वळते, तिथे तर चमकतंच. नव्या फितीची रिळं आली की तो आकडा पुन्हा तपासायचा असतो. तुकड्याला तापमापक तार चिकटवून तापवायचा आणि कॅमेरा खरं बोलतोय का बघायचं. पाऊण दिवस जातो त्यात.

एक काम करशील? तुमच्याकडच्या सिलिंडरच्या मानेवर शिक्क्याखाली आकडे असतील, ते मला कळव. १४० पासून २०० पर्यंतचे माझ्या पाळीतले आहेत. उगाच, आपलं गंमत म्हणून.

हौदाजवळ बसताना जपून बस.

तुझी,
ठेंगू


२५ फेब्रुवारी

प्रिय ठेंगू,

शाबास! पहिल्यांदा कळलं की माझी बहीण काय करते. पत्र लांब्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, "हिच्या हातचा सिलिंडर मला पाहिजे."

बाराच्या बारा पालथे घातले. तुझे तीन निघाले, १४७, १६२ आणि १८८. बाकीचे आधीचे. मग मी काय केलं असेल? १६२ लांब्याच्या नावाने वेगळा काढला. त्याच्या खुंटीला पाटी लावली, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ज्या माणसाने मला ओढून काढलं त्याच्या पाठीवर माझ्या बहिणीने शिवलेला सिलिंडर. मला फार बरं वाटलं, खरंच सांगतो. वहिनी तर डोळे पुसत होती.

१८८ मोठा गमतीचा आहे. भरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला की तळव्याला मुंग्या येतात. आत कुणी दाणे भाजतंय असं वाटतं. आधी वाटलं माझाच हात बधिर झाला असेल, पण दुसऱ्या सिलिंडरला तसं होत नाही. नवीन आहे, अंगाला बसला की थांबेल. नव्या चपलाही करकरतातच.

हौदाला पूर्वी लोखंडी जाळी होती. तिचं दार गंजून पडलं, तेव्हापासून तशीच आहे. तू लहानपणापासून भित्री. मी तीस वर्षं आगीत काढली, हौदात काय बुडणार आहे मी?

तुझा,
दादा


२ मार्च

प्रिय दादा,

घाईत लिहिते आहे. १८८ वापरू नकोस. १४७ आणि १६२ पण नको. त्या वेळच्या मालाच्या रंगात दोष निघालाय, बाहेरचा लेप सोलला जातो. कारखाना बदलून देईल. तोपर्यंत तिन्ही रिकामे करून बाजूला ठेव. भरू नकोस. हवा सोडतानाही हळूहळू सोड.

आणि दादा, सिलिंडरवर हात ठेवत जाऊ नकोस. काट्याकडे बघ. दाराबाहेर उभं राहून बघ. जाळीचं दार बसवून घे, साहेबांना सांग. एवढं माझं ऐक.

आई बरी आहे. माझं जरा काम वाढलंय.

तुझी,
ठेंगू


९ मार्च

प्रिय ठेंगू,

पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. रंग सोलला जातो म्हणून चांगला सिलिंडर अडगळीत टाकायचा? आमच्या गाडीचा रंग कधीच उडालाय, म्हणून ती आगीवर जात नाही की काय? साहेबांना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'कारखान्याचं पत्र नाही, तर वापरा.' ते बरोबरच आहे.

सध्या कामही तुफान आहे. या आठवड्यात चार आगी. १६२ तर चारदा भरला. लांब्या परवा एका गोदामातून दोन माणसं काढून आला, तुझ्या हवेवर. त्याने निरोप दिलाय की बहिणीला सांग, हवा गोड होती.

पण एक सांगू? तुझं अक्षर बिघडलंय. पहिल्या पत्रात प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी, आणि या पत्रात 'हळूहळू' लिहिताना कागद फाटलाय. तू खोटं बोलायला लागलीस की असंच व्हायचं. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही केलीस तेव्हाही शाई सांडली होती. तिथे कुणी त्रास देतंय का? पाळीच्या साहेबांशी वाजलंय का? नोकरी जायची भीती आहे का? जे असेल ते लिही. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

तुझा,
दादा


१४ मार्च

दादा,

रंगाचं खोटं होतं. आता सगळं खरं लिहिते, शेवटपर्यंत वाच. नाही, आधी एवढं कर. तिन्ही सिलिंडर बाजूला काढ, मग बसून वाच.

डिसेंबरात नव्या फितीची रिळं आली. दिसायला जास्त चकचकीत, वर प्लास्टिक जास्त. तपासणी करायला हवी होती. मी तार काढून बसलेच होते. पाळीचे साहेब आले आणि म्हणाले, "माल अडलाय. आकडा तोच ठेवा आणि चालू करा." मी म्हटलं, तपासणीचा कागद? ते म्हणाले, "भरून टाका." मी भरला. 'तपासणी केली, योग्य आढळली.' खाली माझी सही.

चूक अशी झाली. चकचकीत फितीवरून खांद्यापाशी दिव्यांचीच धग परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरायची. कॅमेऱ्याला वाटायचं, फीत तापली. मशीन दिवे मंद करायचं. फीत मुळात कोमटच. थर एकावर एक नुसते बसले, एकजीव झालेच नाहीत. एकसष्ट सिलिंडर असे गेले. कारखान्यातून निघताना पाण्याच्या दाबाने तपासतात, त्यात टिकले. पण भरून रिकामे, भरून रिकामे होत राहिले की एकेक थर सुटत जातो. तुझ्या तळव्याला मुंग्या येत होत्या ना, ते तेच होतं. दाणे भाजल्यासारखा आवाज इतरांना ऐकू आला असता.

मला हे बारा फेब्रुवारीला कळलं. तपासणीच्या बाईंनी साठवणीतल्या एका सिलिंडरच्या खांद्याचा तुकडा कापून आणला आणि माझ्यासमोर नखाने वरचा थर उचलला. कांद्याची साल निघावी तसा निघाला. मी साहेबांकडे गेले. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं, आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "सही कुणाची आहे?"

एवढंच. रागावले नाहीत, धमकावलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पाचावर धारण बसली आहे. ही खोली कारखान्याची. आईचं औषध कारखान्याच्या दवाखान्यातलं. मी रोज कामावर जाते, कॅमेऱ्यासमोर बसते, आणि दर फितीबरोबर वाटतं की कुठेतरी कुणीतरी आत्ता नळी जोडतंय. तुझं २५ तारखेचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. १६२ लांब्याच्या खुंटीला, हे वाचलं आणि घास तोंडातच राहिला. आई विचारते, काय लिहिलंय? मी सांगितलं, वहिनी डोळे पुसत होती म्हणे, आनंदाने.

दहा तारखेला तुमच्या केंद्रात फोन केला होता. साहेबांनी उचलला. "कोण बोलतंय?" असं विचारल्यावर मी फोन ठेवला. हे पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील आणि तेवढे दिवस मला आता काढवत नाहीत. उद्या सकाळी पुन्हा फोन करणार आहे. या वेळी सांगेन मी कोण ते.

ठेंगू


१९ मार्च

ठेंगू,

आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधी लिहितो.

पंधरा तारखेला सकाळी मी हौदाजवळ होतो. नळी जोडलेली, काटा अर्ध्याच्या पुढे, आणि हात नेहमीसारखा सिलिंडरवर. एरवी तळव्याला मुंग्या यायच्या. त्या दिवशी मुंग्या नव्हत्या, ठिणग्या होत्या. साहेब दारात आले. त्यांचा चेहरा मी तीस वर्षं बघतोय, पण असा पांढरा कधी बघितला नव्हता. आत यायला तयार नाहीत. दारातूनच पाटी वर धरली. 'तुझी बहीण. १४७, १६२, १८८. फुटतील.'

हौदात कुठला होता? १८८.

हात उचलायचा होता, उचलला जाईना. खरं सांगतो, मेंदू म्हणतोय उचल आणि हात तिथेच. आगीत मला असं कधी झालं नाही. आग दिसते. हा काळा गोळा शांत उभा होता, आणि माझ्यासाठी तर सगळंच शांत. तो ओरडून सांगत होता आणि मला ऐकू येत नव्हतं. मग कसा कोण जाणे, हात सुटला. दुसऱ्या हाताने झडप बंद केली, जमिनीवर पडलो आणि रांगत बाहेर आलो.

साहेबांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'लांब्या?' मी खुंटीकडे बघितलं. रिकामी.

कागदाच्या गोदामाच्या तळघरात आग होती, वीस मिनिटांपूर्वी गाडी गेली होती. आम्ही दुसऱ्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा तो नुकताच आत शिरलेला, पाठीवर भरलेला सिलिंडर. साहेबांच्या हातात बिनतारी यंत्र. त्यांनी खुणेने मला विचारलं, सांगू का? ठेंगू, हे मला विचारलं. तळघर धुराने कोंदलेलं. सिलिंडर काढला तर तो गुदमरणार. नाही काढला तर तो दगडी जिना, अरुंद दार, खांदा कुठेही आपटू शकतो. आणि त्याला कळलं तर तो घाबरणार, घाबरला की धडपडणार. मी मान हलवली. सांगू नका, नुसतं बाहेर बोलवा. साहेब यंत्रात म्हणाले, पाणी कमी पडतंय, बाहेर ये.

तो आला, पण चालत आला. आरामात, जिन्याच्या भिंतीला हात लावत. मी पायऱ्या मोजत होतो. चौदा. नवव्या पायरीवर त्याने मला बघितलं आणि हात हलवला.

पट्टे साहेबांनी सोडले. मैदानात नेऊन दोरीने झडप उघडली, दुरून. काही झालं नाही. लांब्याला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग कडेला जाऊन ओकला.

काल मोठ्या केंद्रातून माणसं आली. भिंतीआड १८८ मध्ये पाणी भरून दाब दिला. रोज भरतो तेवढ्याही दाबाला पोचला नाही. खांद्यापाशी फाटला. मला आवाज आला नाही. पायाखालची जमीन हलली आणि भिंतीवरची पाटी खाली पडली, एवढंच बघितलं. माझा हात जिथे असायचा तिथे एक वीतभर भोक आहे. चिंध्या लोंबतायत, काळ्या, चकचकीत.

तुझं पत्र आजच पोचलं. दोनदा वाचलं. वहिनीला दिलं नाही.

दादा


२ एप्रिल

प्रिय दादा,

पंधरा तारखेला तुमच्या साहेबांना सांगून फोन ठेवला आणि तशीच कारखान्याच्या मोठ्या कचेरीत गेले. तपासणीच्या बाई माझ्याबरोबर आल्या. त्यांनी तो तुकडा रुमालात बांधून ठेवला होता. आता सरकारी माणसं आली आहेत, मशीन बंद आहे. एकसष्ट सिलिंडर कुठे कुठे गेले त्याची यादी करून जागोजागी कळवलं. एकोणसाठ मिळाले. एक साठवणीतच होता. मला कामावरून बाजूला केलंय. खोली महिनाअखेर सोडायची आहे. पाळीचे साहेब म्हणतात, त्यांनी मला तसं काही सांगितलंच नव्हतं. कागदावर त्यांचं काहीच नाही. माझी सही आहे.

हा झाला साठांचा हिशोब. एकसष्टावा १७५.

तो अकरा मार्चला फुटला. इथून तीन तासांवरच्या गावात, तिथल्या केंद्रात, हवा भरायच्या खोलीत. भरणाऱ्या माणसाचा उजवा हात मनगटापासून गेला आणि एका डोळ्यात काळे धागे शिरले. डोळा राहील की नाही, सांगता येत नाही म्हणे. तिथल्या लोकांना वाटलं, त्यानेच जास्त दाब दिला. त्याच्यावर चौकशी लावली होती.

अकरा मार्च, दादा. दहाला मी फोन लावून तसाच ठेवून दिला होता. बारा फेब्रुवारीपासून मला ठाऊक होतं. मी तुला लिहिलं, तुझ्या तीन सिलिंडरांचं लिहिलं, रंगाचं खोटं का होईना. बाकीच्या अठ्ठावन्नांना मी तेही लिहिलं नाही. माझा भाऊ वाचला की झालं, असंच होतं ना ते?

आई म्हणते, तुझा काय दोष, तू तर सांगितलंस. तू म्हण ना एकदा. तू म्हटलंस तर मला पटेल.

तुझी,
ठेंगू


८ एप्रिल

ठेंगू,

मी तसं म्हणणार नाही. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिलं तर माझंही अक्षर बिघडेल.

तुझा दोष आहे. तुझ्या पाळीच्या साहेबांचा तुझ्याहून मोठा आहे, पण म्हणून तुझा नाहीसा होत नाही. आणि माझाही आहे. मुंग्या मला पहिल्याच आठवड्यात लागल्या होत्या. तुला गंमत म्हणून लिहिलं, आमच्या साहेबांना बोललो नाही. का? कारण ते म्हणाले असते, याला आता हातानेही कळेनासं झालं, घरी बसवा. ही हवा भरायची खोली गेली तर मी काय करणार होतो? तू तिकडे भ्यालीस, मी इकडे भ्यालो.

तू त्या माणसाला भेटून ये. पत्र लिहू नकोस. आपण दोघं पत्रात फार शूर असतो. स्वतः जा. तो काय बोलेल ते मला माहीत नाही, तुला हाकलूनही देईल. तरी जा.

मग आईला घेऊन इकडे या. आमचं घर लहान आहे, पण माणसं मावतील. वहिनीला आता सगळं सांगितलंय. तिनेच हे लिहायला लावलं.

दादा


१७ एप्रिल

प्रिय दादा,

काल जाऊन आले.

बसमध्ये तीन तास मी वाक्यं जुळवत होते. मी अमुक, माझ्यामुळे असं झालं. उतरले तेव्हा त्यातलं एकही आठवेना. घर एका दुकानाच्या वर आहे. जिन्यातच कठड्याला धरून उभी राहिले. परत फिरावं असं दोनदा वाटलं. एकदा तर चार पायऱ्या उतरलेही.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी म्हटलं, कारखान्यातून आले. पुढचं बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "या, या, बरं झालं आलात. हे सकाळपासून वाट बघतायत." त्यांना वाटलं, मला कचेरीने पाठवलंय. चौकशी मागे घेण्यासाठी त्यांना त्यांचा जबाब लिहून द्यायचा होता आणि कारखान्याचं कुणीतरी कागद घेऊन येणार होतं. मी तशीच आत गेले. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

ते खिडकीपाशी बसले होते. तुझ्याच वयाचे असतील. डोळ्यावर पट्टी, उजवा हात उशीवर ठेवलेला, आणि तो तिथेच संपतो. माझी नजर तिथे गेली ते त्यांनी पाहिलं. "सवय होत नाही अजून," म्हणाले. "खाज सुटली की खाजवायला जातो." आणि हसले.

म्हणाले, "मला लिहिता येत नाही, बायकोचं अक्षर कुणाला लागत नाही. तुम्हीच लिहा, मी सांगतो."

मी पेन घेतलं. ते सांगत गेले. किती वाजता नळी जोडली, काटा कुठे होता. करकर ऐकू आली म्हणून त्यांनी झडप बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात. ते अगदी थांबून थांबून, नीट सांगत होते, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून. मी लिहीत होते. दोन पानं झाली. मग म्हणाले, "आता लिहा. मला नंतर समजलं की हा सिलिंडर ज्या फितीचा केला, तिची तपासणी झाली नव्हती. ज्या कुणी ती न करता सही केली," आणि थांबले. "नाव काय हो त्या माणसाचं? तुम्हाला ठाऊक असेल. नाव घातलेलं बरं."

खोलीत पंखा फिरत होता. त्यांची बायको माझ्यासाठी पाणी घेऊन उभी होती. मी म्हणू शकले असते की मला ठाऊक नाही. जीभ तेच म्हणायला वळली होती, दादा, मी तुला खोटं सांगत नाही.

मी लिहिलं. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. खाली कामाचा हुद्दा. अक्षर वेडंवाकडं आलं. मग कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "हे माझं नाव आहे."

त्यांना लगेच कळलं नाही. एका डोळ्याने त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे बघितलं. बायकोने पाणी खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "हिला जायला सांगा." मोठ्याने नाही, अगदी हळू. मी उठले.

बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. मग त्यांनी डाव्या हाताने कागद माझ्याकडे सरकवला.

"बसा," म्हणाले. "अजून निम्मं राहिलंय. लिहा."

ठेंगू